इराण्याची खुर्ची

धोबीतलावावर १९०४ पासून चालत आलेल्या कयानीच्या दुकानांत शिरणाऱ्याची दृष्टि प्रथम ब्रून-मस्क्याकडे जाते. आमची खुर्चीकडे जाते. गोल बैठक, आणि एका मागील पायापासून निघून पाठीची कमान होऊन दुसऱ्या पायाशीं उतरणारा एकच लांकडी दांडा, एवढ्यांत तिचें सारें रूप आलें. गिरगांवापासून लालबागेपर्यंत तिला सर्वजण ‘इराण्याची खुर्ची’ म्हणून ओळखतात. वस्तुतः ती इराणची नव्हे. ऱ्हाईनकांठच्या बोपार्ड गांवचा सुतार मिखाएल टोनेट १८४२ मध्यें व्हिएन्नास गेला. त्याच्या कारखान्यानें १८५९ मध्यें ही काढली. बीच वृक्षाचे दांडे वाफेनें मऊ करून सांच्यांत वाकवावयाचे. असे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, कीं खुर्ची झाली!

तिच्या दिग्विजयाचें श्रेय रसिक तिच्या सौंदर्यास देतात. आमच्या मतें तें वाहतुकीस द्यावें. जोडलेली खुर्ची जहाजांतून पाठविणें म्हणजे हवेचें भाडें भरणें होय. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या मात्र एक घनमीटरच्या पेटींत मावत. १८६९ मध्यें टोनेटचा एकाधिकार संपला आणि इतर कारखानेही तसाच माल काढूं लागले. तेव्हां मुंबईंतील प्रत्येक खुर्ची अस्सल टोनेटची, असें कोणीं समजूं नये. १९३० पर्यंत या एका नमुन्याच्या सुमारें पांच कोटि खुर्च्या खपल्या होत्या. अल्प भांडवलाच्या इराण्यास याहून सोयीचें काय मिळणार? जागा थोडी अडते, बैठक फाटली तर बदलतां येते, आणि व्हिएन्नाच्या कॉफीगृहांत नाटककार ज्या घडणीच्या आसनावर बसे, तिच्यावरच परळचा गिरणीकामगार पाळी सुटल्यावर चहा घेई. इटलीच्या जिओ पोंतीची १९५७ ची ‘सुपरलेज्जेरा’ खुर्ची अवघी १.७ किलोची, कारागिरी अप्रतिम खरी, पण ती या नाक्यावर कधीं उतरली नाहीं.

विद्यार्थिदशेंत दादरच्या एका इराण्याकडे एका चहावर आम्ही तास काढीत असूं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, गिऱ्हाईक पांगलें, पुढें तें दुकानही मिटलें. तेथील दोन खुर्च्या आम्हीं घरीं आणल्या. एकीचा स्क्रू वारंवार ढिला होतो. आम्ही तो पिळतों. मात्र तेथें समोरच्या खुर्चीवर कोणीही अनोळखी माणूस न विचारतां येऊन बसे. आमच्या घरीं आलेला पाहुणा सोफ्यावरच बसतो.