वेरूळचे पाटील आणि घृष्णेश्वराचें देऊळ

आमच्या बिडकीन गांवीं सायंकाळीं पारावर चार माणसें जमलीं, कीं एखाद्या पाटील घराण्याची गोष्ट निघते आणि ती बहुधा पुरलेल्या हंड्यापाशीं येऊन थांबते. या साऱ्या गोष्टींत वडील गोष्ट वेरूळच्या भोसल्यांची.

बाबाजी भोसले हे वेरूळचे पाटील. मालोजी व विठोजी हे त्यांचे पुत्र. लोक सांगतात, कीं देवीनें दृष्टांत दिला आणि मालोजींस शेतांत द्रव्याचा ठेवा सांपडला. तो त्यांनीं श्रीगोंद्याच्या पुंडे सावकाराकडे ठेविला. पुढें त्यांतून घोडीं घेतलीं, घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार केला आणि शिखर शिंगणापुरास तळें बांधलें. ग्रँट डफनें आपल्या 1826 च्या इतिहासांतहि ही कथा घेतली आहे.

आतां ठेवा खरा कीं खोटा, याचा निवाडा करण्यांत मला स्वारस्य नाहीं. मला या कथेंत सर्वांत खरा वाटतो तो सावकार. 1600 सालीं अहमदनगरचा किल्ला मोगलांनीं घेतला. निजामशाहीस स्वारांची निकड होती, आणि जो पाटील घोडीं व माणसें घेऊन येईल त्यास मान होता. घोड्यांस मात्र रोकड लागे. मालोजींनीं पुंड्यांकडे द्रव्य ठेविलें कीं पुंड्यांनींच मालोजींस तें पुरविलें? माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. परंतु कर्ज काढून सरदार झालेल्या पुरुषाची गोष्ट पारावर कोण ऐकणार? देवीनें दिलेलें धन देवाच्या कामीं लागलें, म्हणजे भाऊबंदांचींहि तोंडें बंद होतात.

वेरुळास आज आपण पाहतों तें तांबड्या दगडाचें देऊळ अठराव्या शतकांतील, होळकरांच्या औदार्याचें. तरीहि तें दाखवितांना माणसें मालोजींच्या हंड्याचीच गोष्ट सांगतात.

हें जुनें झालें म्हणावें, तर अलीकडे बिडकीनच्या परिसरांत कारखान्यांसाठीं जमिनी घेतल्या गेल्या. शेतकऱ्यांच्या हातीं एकदम पैसा आला. त्यांपैकीं एकानें वस्तीवरील मारुतीच्या देवळास नवा कळस चढविला. मोबदल्याचे कागद गांवानें डोळ्यांनीं पाहिलेले, तरी परवां माझा एक जुना विद्यार्थी हळूच कानाशीं येऊन म्हणाला, “गुरुजी, त्यांना विहिरीच्या कांठीं हंडा लागला, हें खरें ना?”