कृत्रिम एन्झाइम म्हणजे काय? तुरीच्या गाठीतली युक्ती प्रयोगशाळेत

अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनीच्या बाजारात तूर मोठ्या प्रमाणावर येते. या तुरीचं रोप मुळासकट अलगद उपटलं, तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. गाठींमधले रायझोबियम गटातले जिवाणू हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवतात. पिकाला घरचं खत! हेच काम धातूच्या छोट्या रेणूकडून करून घेता येईल का?

अडचण कुठे आहे?
हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने घट्ट जोडलेले असतात. खत कारखान्यात तो बंध तोडायला साधारण 400 ते 500 अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या शंभरपटीहून जास्त दाब लागतो. अलिबागजवळच्या थळच्या कारखान्यात त्यासाठी नैसर्गिक वायू वापरतात. जिवाणू मात्र हे काम शेतातल्या मातीत करतात.

एन्झाइम काय करतं?
जिवाणूंकडे नायट्रोजनेज नावाचं एन्झाइम असतं. त्याच्या गाभ्यात लोहाचे 7, गंधकाचे 9, मॉलिब्डेनमचा 1 आणि मधोमध कार्बनचा 1 अणू असतो. नायट्रोजन इथेच अडकतो आणि टप्प्याटप्प्याने तुटतो. हे फुकटात होत नाही बरं का! त्याची ऊर्जा रोपाने दिलेल्या साखरेतून येते.

नक्कल कशी करतात?
अख्खं एन्झाइम बनवत नाहीत. मध्ये धातूचा अणू आणि त्याला धरून ठेवणारा सेंद्रिय सांगाडा, म्हणजे लिगंड, एवढंच घेतात. खरी कसरत लिगंडच्या डिझाइनमध्ये असते. नायट्रोजनला आत यायला जागा हवी, पण दोन धातू-रेणू एकमेकांना चिकटून निकामी व्हायला नकोत.

2003 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत यांदुलोव आणि श्रॉक यांनी मॉलिब्डेनमभोवती असा जाडजूड लिगंड बसवला. साध्या तापमानाला अमोनिया बनला, पण एका मॉलिब्डेनममागे जेमतेम 8 रेणू. 2019 मध्ये टोकियो विद्यापीठात निशिबायाशी यांच्या गटाने वेगळ्या लिगंडने हा आकडा 4,350 पर्यंत नेला.

मग खत स्वस्त होणार?
इतक्यात नाही. टोकियोच्या प्रयोगात इलेक्ट्रॉन पुरवायला समॅरियमचं महागडं संयुग लागतं आणि ते खर्ची पडतं. त्याऐवजी सौर किंवा पवनविजेवरून इलेक्ट्रॉन देता आले, तर गणित बदलेल. तोपर्यंत पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळणं, हाच शेतकऱ्याच्या हातातला स्वस्त उपाय!