ठिणगीचे लोखंड आणि त्याचा गंज

शोभेच्या दारूतील सोनेरी फुले लोखंडाची असतात. सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या मिश्रणात लोखंडाचा किंवा पोलादाचा कीस मिसळला, की दारू पेटल्यावर तापलेले कण बाहेर उडतात, हवेत पेट घेतात आणि जळत जळत फुटतात. भुईनळ्याचा फुलोरा, चक्राचे कडे आणि फुलबाजीच्या चांदण्या या किसावरच उभ्या असतात. कीस गंजला, तर दारू पेटते पण फुले पडत नाहीत. त्यामुळे लोखंड कोरडे आणि चकचकीत राखणे हा दारूकामाचा जुना प्रश्न आहे.

लोखंडाचा हा स्वभाव समजून घ्यायला कोल्हापूर जिल्ह्यातील शाहूवाडी तालुका सोयीचा आहे. विशाळगड, गजापूर, आंबा या पश्चिम भागात सह्याद्रीच्या माथ्यावर जांभा दगड पसरलेला आहे. त्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडांमुळे येतो. 1886 साली प्रसिद्ध झालेल्या कोल्हापूर गॅझेटियरमध्ये विशाळगड, पन्हाळा आणि भुदरगड या भागांत लोहखनिज सापडत असल्याची आणि संस्थानात पूर्वी लोखंड गाळण्याचा धंदा चांगला चालत असल्याची नोंद आहे. सह्याद्रीत हे काम करणाऱ्यांना धावड म्हणत. भात्याने फुललेल्या कोळशाच्या भट्टीत ते खनिजातील ऑक्सिजन काढून टाकत आणि उरलेला लोखंडाचा गोळा घणाखाली ठोकून त्यातील मळी बाहेर काढत. परदेशी लोखंड स्वस्तात येऊ लागले, कोळसा महागला आणि या भट्ट्या विझल्या.

धावडांनी ऑक्सिजनपासून सोडवलेले लोखंड संधी मिळताच पुन्हा त्याच्याशी जोडले जाते. ओल्या हवेत ही क्रिया संथपणे होते, तिला गंज म्हणतात. दारूच्या ज्वाळेतून उडालेल्या कणात तीच क्रिया क्षणार्धात होते, तिला ठिणगी म्हणतात. गंजलेला कण म्हणजे आधीच जळून गेलेला कण. त्यातून प्रकाश मिळण्यासारखे काही उरत नाही. कण जितका बारीक, तितका त्याचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा. म्हणून लोखंडाची पहार अनेक पावसाळे टिकते, पण त्याच लोखंडाचा कीस थोड्याच दिवसांत तांबडा पडतो.

लोखंडाची जातही महत्त्वाची असते. भट्टीतून थेट निघणाऱ्या मऊ लोखंडात साधारणपणे कार्बन कमी असतो, त्यामुळे त्याची ठिणगी सरळ रेघेसारखी जाते. पोलादाच्या कणातील कार्बन जळताना वायू होतो आणि कण फोडतो. ठिणगीला फांद्या फुटतात त्या यामुळेच. बिडात कार्बन आणखी जास्त असतो. बीड ठिसूळ असल्याने कुटून त्याचा रवा करता येतो, पोलाद मात्र कानशीने घासावे लागते.

आपल्याकडे हा वापर जुना आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील प. कृ. गोडे यांनी 1400 ते 1900 या काळातील भारतीय आतषबाजीचा इतिहास जुन्या ग्रंथांतून शोधून मांडला. ओरिसाचा राजा गजपती प्रतापरुद्रदेव (कारकीर्द 1497 ते 1539) याच्या ‘कौतुकचिंतामणि’ या संस्कृत ग्रंथातील दारूकामाच्या कृतींत सोरा, गंधक आणि कोळशाबरोबर लोहचूर्ण आणि तीक्ष्ण लोहाचे, म्हणजे पोलादाचे, चूर्ण वेगवेगळे सांगितले आहे. लोखंड आणि पोलाद यांच्या ठिणग्यांतील फरक तेव्हाच्या कारागिरांना ठाऊक होता, असे यावरून दिसते. एकनाथांनी 1571 साली काशीत पूर्ण केलेल्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’त लग्नाच्या वर्णनात दारूकाम येते. महादजी शिंदे यांच्याकडून राजस्थानातील कोट्याच्या दिवाळीतील आतषबाजीचे वर्णन ऐकून सवाई माधवरावांनी पर्वतीजवळ तसाच देखावा करवला, अशी हकीकत पेशव्यांच्या बखरीत आहे. नारळी झाडे, हातनळे, प्रभाचमक असे दारूकामाचे प्रकार तिथे दाखवल्याचे बखर सांगते.

किसाचा एक शत्रू दारूच्या आतच असतो. मातीतून काढलेल्या कच्च्या सोऱ्यात मीठ आणि कॅल्शियम नायट्रेट उरते, आणि ते हवेतील ओल ओढून घेते. ओल आली की क्षार विरघळतात आणि गंज झपाट्याने चढतो. म्हणून सोरा पुन्हा पाण्यात विरघळवून, उकळून त्याचे स्फटिक पाडणे, ही किसाच्या रक्षणाची पहिली पायरी ठरते.

दुसरी पायरी म्हणजे कणावर लेप देणे. चीनमध्ये जुनी बिडाची भांडी फोडून लोखंडी रवा करत. पेकिंगमधील जेझुइट पाद्री पिएर द’अँकारव्हिल यांनी ही कृती फ्रान्सला कळवली आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1763 साली ती छापली गेली. चिनी कारागीर लोखंडाला तुंग वृक्षाच्या बियांचे तेल लावत. इंग्लंडमध्ये रॉबर्ट जोन्स या तोफखान्याच्या अधिकाऱ्याने 1765 च्या आपल्या ग्रंथात दोन उपाय दिले: वितळलेल्या गंधकात कीस घोळवणे, किंवा जवसाच्या तेलाने भिजवलेल्या जाड कागदांमध्ये तो चोळणे. दुसऱ्या उपायाने हिवाळ्यात दोन-तीन महिने कीस टिकतो, असे तो लिहितो. गंधकाचा लेप कोरड्या हवेतच भरवशाचा असतो. लोहकीस, गंधक आणि पाणी एकत्र आले की मिश्रण आपोआप तापते, हे फ्रेंच रसायनज्ञ निकोलस लेमरी याने 1700 च्या सुमारास दाखवले होते.

पुढे जवसाचे तेल थेट किसालाच चोळण्याची रीत रूढ झाली. तुंग आणि जवस ही दोन्ही तेले हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होतात आणि कणाभोवती पातळ कवच धरतात. खोबरेल तसे सुकत नाही, म्हणून या कामी ते उपयोगी पडत नाही. एकोणिसाव्या शतकात पॅराफिन मेण मिळू लागल्यावर तेही वापरात आले. लेप पातळच हवा. तो जाड झाला तर ठिणगी मंदावते आणि खळ लावून दारू बांधताना कण धरत नाही.

पावसाळा सरताच येणाऱ्या दसरा-दिवाळीमुळे महाराष्ट्रात या काळजीला विशेष अर्थ आहे. सांगली जिल्ह्यातील कवठेएकंद येथे दसऱ्याच्या रात्री सिद्धराजाच्या पालखीपुढे दारूकाम होते. आश्विनात हवेत ओल असतेच, त्यामुळे कीस ऐनवेळी घासणे आणि तयार माल हवाबंद ठेवणे हे तेल-मेणाइतकेच मोलाचे ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲल्युमिनियम आणि विसाव्या शतकात टायटॅनियम दारूकामात आले. टायटॅनियम गंजत नाही आणि त्याची ठिणगी पांढरी शुभ्र असते, त्यामुळे मोठ्या देखाव्यांत लोखंडाची जागा त्याने बरीचशी घेतली. फुलबाजीत मात्र लोहकीस टिकून आहे. फांद्या फुटणारी सोनेरी ठिणगी स्वस्तात देणारा दुसरा धातू नाही, आणि लेप नीट बसला असेल तर तोच कीस पावसाळा ओलांडून दिवाळीपर्यंत तेज राखतो.