नागपूरमधील सांडपाणी प्रक्रिया

नागपूरमधील सांडपाणी प्रक्रिया म्हणजे नागपूर शहरातील घरगुती व व्यापारी वापरातून निर्माण होणारे मलजल गोळा करून ते शुद्ध करण्याची व पुन्हा वापरात आणण्याची व्यवस्था होय. ती नागपूर महानगरपालिकेच्या अखत्यारीत येते. शहराच्या पूर्व भागातील भांडेवाडी हे तिचे मुख्य केंद्र आहे. प्रक्रिया केलेले पाणी औष्णिक वीजनिर्मितीसाठी मोठ्या प्रमाणावर पुरविणाऱ्या भारतातील पहिल्या काही शहरांत नागपूरची गणना होते.

पार्श्वभूमी

शहराचा उतार सर्वसाधारणपणे पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे. नाग नदी लाव्हा परिसरातील टेकड्यांतून उगम पावते आणि अंबाझरी तलावानंतर शहराच्या मध्यभागातून वाहते. धंतोली, सीताबर्डी यांसारख्या जुन्या वस्त्या तिच्या काठालगत आहेत. ज्या भागांतील मलवाहिन्या अपुऱ्या वा जीर्ण आहेत, तेथील सांडपाणी नाल्यांमार्फत थेट नदीत मिसळते. त्यामुळे पावसाळा वगळता नदीच्या प्रवाहाचा बराचसा भाग सांडपाण्याचाच असतो.

धंतोली परिसरात खासगी रुग्णालयांची संख्या मोठी आहे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार रुग्णालयांनी आपला दूषित द्रवरूप कचरा मलवाहिनीत सोडण्यापूर्वी त्यावर प्रक्रिया करणे बंधनकारक आहे. शहराच्या प्रक्रिया केंद्रांची रचना प्रामुख्याने घरगुती मलजलासाठी असल्याने ही पूर्वप्रक्रिया महत्त्वाची ठरते.

प्रक्रियेचे टप्पे

प्राथमिक : जाळ्यांच्या साहाय्याने प्लॅस्टिक, चिंध्या इत्यादी अडविल्या जातात व वाळू खाली बसू दिली जाते.

द्वितीयक : पाण्यात हवा सोडून सूक्ष्मजीवांची वाढ केली जाते. हे सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात. भांडेवाडी येथील मोठ्या केंद्रात यासाठी क्रमवार तुकडी पद्धत वापरली जाते. तीत पाणी भरणे, हवा देणे, गाळ बसविणे व वरचे स्वच्छ पाणी काढून घेणे या क्रिया एकाच टाकीत ठरावीक क्रमाने होतात.

तृतीयक : गाळण व निर्जंतुकीकरण करून पाणी औद्योगिक वापरायोग्य केले जाते.

पुनर्वापर

औष्णिक वीज केंद्रांना शीतकरणासाठी मोठ्या प्रमाणावर पाणी लागते. नागपूर शहराचा पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग पेंच प्रकल्पातून येतो आणि त्याच प्रकल्पावर सिंचनाचाही हक्क आहे. या स्पर्धेमुळे महानगरपालिका व महाराष्ट्र राज्य वीजनिर्मिती कंपनी (महानिर्मिती) यांच्यात २००८ मध्ये सामंजस्य करार झाला. त्यानुसार भांडेवाडी येथे १३० दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेचे केंद्र उभारून कोराडी वीज केंद्राला पाणी देण्यात येऊ लागले. पुढे खासगी भागीदारीतून तेथेच २०० दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेचे केंद्र कार्यान्वित झाले. महानगरपालिकेला या पाण्यातून उत्पन्न मिळते, तर तेवढेच गोडे पाणी पिण्यासाठी व शेतीसाठी शिल्लक राहते.

संशोधन

राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) नागपूर येथेच आहे. १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून तिची स्थापना झाली आणि १९७४ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. संस्थेने विकसित केलेल्या ‘फायटोरिड’ पद्धतीत खडी व पाणवनस्पती लावलेल्या वाफ्यांतून सांडपाणी वाहू दिले जाते. तिला वीज कमी लागत असल्याने गृहसंकुले, उद्याने व लहान वस्त्यांसाठी ती उपयुक्त आहे.

मर्यादा

प्रक्रिया केंद्राची क्षमता कितीही असली, तरी मलवाहिनीतून केंद्रापर्यंत पोहोचलेल्या पाण्यावरच प्रक्रिया होऊ शकते. नदीत मिसळलेले उर्वरित सांडपाणी कन्हान नदीमार्गे वैनगंगेत व भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात जाते. त्याचा परिणाम तेथील मासेमारीवर व काठावरील गावांच्या पाणीपुरवठ्यावर होतो. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडून नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा नदीपात्राच्या अवस्थेचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. नदीच्या प्रदूषण नियंत्रणासाठी राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेअंतर्गत सुमारे १,९२७ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर झाला असून त्यात नव्या मलवाहिन्या व प्रक्रिया केंद्रांचा समावेश आहे.

हेही पहा

नाग नदी
अंबाझरी तलाव
कोराडी औष्णिक विद्युत केंद्र
गोसीखुर्द धरण