‘लिहिले’ ते ‘टिकले’ : डिस्कवरील माहितीच्या विश्वसनीयतेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

संगणकावर परीक्षेचे गुण, प्रवेशाच्या नोंदी किंवा संशोधनातील निरीक्षणे भरून झाली की पडद्यावर ‘माहिती साठवली’ असा संदेश उमटतो आणि आपण निश्चिंत होतो. परंतु माहिती स्वीकारली जाणे आणि ती डिस्कवर कायम होणे या दोन भिन्न घटना आहेत. त्यांच्यातील अंतर का निर्माण झाले व ते भरून काढण्याचे प्रयत्न कसे झाले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अंतराची निर्मिती :

इ.स. १९५६ मध्ये आयबीएम कंपनीने ‘३०५ रॅमॅक’ या संगणकाबरोबर पहिली व्यापारी डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सुमारे ५० लाख अक्षरे मावत. डिस्क हे यांत्रिक साधन असल्याने शीर्ष योग्य जागी येईपर्यंत व तबकडी फिरून समोर येईपर्यंत थांबावे लागे. प्रक्रियकाच्या वेगापुढे हा विलंब फार मोठा होता.

यावर उपाय म्हणून १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत विकसित झालेल्या युनिक्स कार्यप्रणालीत माहिती प्रथम स्मृतीतील राखीव भागात ठेवून आज्ञावलीला लगेच होकार देण्याची पद्धत रूढ झाली. प्रत्यक्ष डिस्कवर ती मागाहून, साधारणतः दर तीस सेकंदांनी उतरवली जाई. काम वेगवान झाले. मात्र मधल्या काळात वीज गेली तर होकार मिळालेली माहितीही नष्ट होई. वेगाची ही किंमत होती.

अंतर भरून काढण्याचे प्रयत्न :

पहिला प्रयत्न कार्यप्रणालीच्या पातळीवर झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून १९८३ मध्ये आलेल्या युनिक्सच्या ४.२ बीएसडी आवृत्तीत ‘एफसिंक’ ही सोय होती. विशिष्ट फाइल डिस्कवर उतरेपर्यंत आज्ञावलीला थांबवून ठेवणे, हे तिचे कार्य होय.

दुसरा प्रयत्न विदागारांच्या क्षेत्रातील होता. जिम ग्रे यांनी १९७८ च्या आपल्या टिपणांत ‘आधी नोंदवही, मग मूळ विदा’ हा नियम मांडला. आपल्याकडील व्यापाऱ्यांना हे तत्त्व परके नाही. व्यवहार प्रथम रोजकीर्दीत लिहिला जातो आणि तेथून खतावणीत जातो. खतावणी अर्धवट राहिली तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येते. १९८३ मध्ये हेर्डर व रॉयटर यांनी व्यवहाराच्या चार आवश्यक गुणांत ‘टिकाऊपणा’ समाविष्ट केला. १९९२ मध्ये आयबीएममधील सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एरीज’ ही पुनर्प्राप्तीची पद्धत सविस्तर प्रसिद्ध केली. मोहन हे आयआयटी मद्रासचे पदवीधर होत.

पॅटर्सन, गिब्सन व काट्झ यांनी १९८८ मध्ये मांडलेल्या ‘रेड’ रचनेने अनेक डिस्कांपैकी एखादी निकामी झाल्यास संरक्षण दिले. तथापि, डिस्कपर्यंत न पोहोचलेल्या माहितीचे रक्षण ती करू शकत नाही, हा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे.

२०१८ मधील धडा :

पोस्टग्रेस या मुक्तस्रोत विदागाराचा अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. ‘एफसिंक’ अयशस्वी झाल्यास ती पुन्हा करावी, यश मिळाले की माहिती सुरक्षित समजावी, असे सुमारे वीस वर्षे गृहीत धरले गेले होते. २०१८ मध्ये हे गृहीतक चुकीचे असल्याचे उघड झाले. लिनक्स कार्यप्रणाली लेखनातील चूक एकदा कळवून स्मृतीतील ती पाने ‘लिहून झालेली’ समजत असे. परिणामी दुसऱ्या प्रयत्नास यशाचा निरोप मिळे, माहिती मात्र डिस्कवर नसे. खतावणी पूर्ण झाली असे समजून रोजकीर्दीचे पान फाडून टाकावे, तसाच हा प्रकार होता. फेब्रुवारी २०१९ मधील सुधारित आवृत्त्यांत विदागाराने अशा वेळी पुन्हा प्रयत्न न करता थांबावे आणि नोंदवहीवरून विदा पुन्हा उभी करावी, असा बदल करण्यात आला.

निष्कर्ष :

१. माहितीच्या असुरक्षिततेचे एक प्रमुख कारण डिस्कच्या दोषात नसून वेगासाठी आधीच दिलेल्या होकारात आहे.

२. आज्ञावली, कार्यप्रणाली आणि डिस्कची स्वतःची अंतर्गत स्मृती यांपैकी प्रत्येक स्तर खालच्या स्तराच्या शब्दावर विसंबतो. त्यामुळे एका स्तराचा चुकीचा होकार वरच्या सर्व स्तरांना फसवतो.

३. स्वतंत्र नोंदवही जपणे आणि अपयश न लपवता काम थांबवणे, हे उपाय सर्वांत टिकाऊ ठरले आहेत.

महाविद्यालयांच्या नोंदी कागदावरून डिस्कवर गेल्या असताना, ‘साठवली’ या शब्दामागे नेमके कोणते आश्वासन आहे हे विचारणे केवळ तंत्रज्ञांचे काम राहिलेले नाही. नोंदी ज्यांच्या स्वाधीन आहेत, त्या सर्वांचेच ते कर्तव्य होय.