बर्लिनचे टेक्नो : तळघरापासून वारसायादीपर्यंत

'भूमिगत' ह्या विशेषणाला मराठीत १९४२ च्या आंदोलनापासून जी अर्थच्छाया चिकटली ती अद्यापही पुरती पुसली गेलेली नाही. भूमिगत म्हणजे सरकारच्या दृष्टीआड वावरणारा, परंतु लोकांनी आपल्या घरात आसरा दिलेला. 'अंडरग्राउंड' हा इंग्रजी शब्द संगीताच्या संदर्भात योजला जातो तेव्हा त्यातील ही राजकीय छटा क्षीण झालेली असते आणि बाजारापासून अलिप्त असल्याचा अभिमान तेवढा उरतो. बर्लिन शहरातील 'टेक्नो' नावाच्या नृत्यसंगीताच्या बाबतीत मात्र हा शब्द आरंभी अगदी वाच्यार्थानेच खरा होता. हे संगीत जमिनीखाली, तळघरात आणि एका जुन्या तिजोरीत वाजत असे. पुढे पस्तीस वर्षांच्या आत ते शहराच्या उत्पन्नाचे एक साधन बनले आणि मार्च २०२४ मध्ये जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत त्याची नोंद झाली. ह्या वाटचालीत त्याला वेळोवेळी निदर्शन, करमणूक, मैफल, वारसा अशी निरनिराळी नावे लावण्यात आली. ती नावे केवळ वर्णनपर नव्हती; प्रत्येकामागे कर, भाडे आणि परवाना ह्यांचा हिशेब होता.

टेक्नो हे मुळात बर्लिनचे अपत्य नव्हे. त्याचा जन्म अमेरिकेतील डेट्रॉइट ह्या मोटारकारखान्यांच्या शहराच्या परिसरात, हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केव्हिन सॉन्डरसन ह्या कृष्णवर्णीय तरुणांच्या हातून झाला. ड्यूसेलडॉर्फच्या क्राफ्टवेर्क ह्या जर्मन वाद्यवृंदाच्या यंत्रसंगीताचा त्यांच्यावर परिणाम झाला होता. म्हणजे पुढे बर्लिनला जे पोहोचले त्यातील एक धागा जर्मनीतूनच निघालेला होता. १९८८ मध्ये त्यांच्या व त्यांच्या सोबत्यांच्या रचनांचा एक संग्रह इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. शिकागोचे 'हाउस' संगीत त्या वेळी तेथे चांगले खपत होते आणि ह्या संग्रहासही आरंभी 'डेट्रॉइटचे हाउस' अशाच अर्थाचे नाव द्यावयाचे घाटत होते. परंतु हा माल शिकागोच्या मालाहून वेगळा आहे हे गिऱ्हाइकास कळावे ह्यासाठी ॲटकिन्स वापरीत असलेला 'टेक्नो' हा शब्द मुखपृष्ठावर आला व तेथेच स्थिरावला. तेव्हा पुढे एका संस्कृतीचे नाव म्हणून ज्याला मान मिळाला तो शब्द जगापुढे आला तो विक्रीच्या वेष्टनावरून. ह्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. कालिकतच्या बंदरावरून जाणाऱ्या कापडाला 'कॅलिको' हे नाव व्यापाऱ्यांनीच दिले. व्यापार हा शब्दांचा फार जुना वाहक आहे.

बर्लिनमध्ये ह्या संगीताला जी भूमी मिळाली तिची जडणघडण मात्र असामान्य होती. पश्चिम बर्लिनमध्ये उपाहारगृहे व मद्यगृहे रात्री अमुक वेळी बंद करण्याचे बंधन १९४९ मध्येच उठले होते. १९८८ मध्ये दिमित्री हेगेमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'उफो' नावाचे स्थळ एका तळघरात उघडले. नंतर ९ नोव्हेंबर १९८९ रोजी भिंत कोसळली आणि शहराच्या पूर्वार्धात कारखाने, वीजकेंद्रे, गोदामे, दुकाने अशा असंख्य वास्तू एकाएकी धन्याविना उघड्या पडल्या. धनी नव्हते असे नव्हे. ते कोण हे ठरत नव्हते. काही मालमत्ता नाझी राजवटीत ज्यू कुटुंबांकडून हिरावून घेतलेली होती, काही पूर्व जर्मनीच्या सरकारने ताब्यात घेतली होती, आणि परतीचे दावे वर्षानुवर्षे चालावयाचे होते. ह्या मधल्या काळात कोणीतरी किरकोळ भाड्याने, अल्प मुदतीने, तर कधी कोणासही न विचारता जागा वापरावी, असा प्रघात पडला. जर्मन भाषेत त्यासाठी 'त्स्विशननुत्सुंग' हा समास रूढ आहे. त्याचा अर्थ 'मध्यंतरीचा वापर'. बर्लिनच्या टेक्नोचा सारा अर्थव्यवहार ह्या एका शब्दात सामावलेला आहे, असे म्हणता येईल.

ह्याचे ठळक उदाहरण म्हणजे मार्च १९९१ मध्ये हेगेमान ह्यांनीच सुरू केलेले 'ट्रेझोर'. ट्रेझोर म्हणजे तिजोरी. लाइपझिगर चौकाजवळ वेर्टहाइम ह्या ज्यू कुटुंबाचे एकेकाळी युरोपातील अत्यंत भव्य म्हणून गाजलेले दुकान होते. नाझींनी कुटुंबाच्या हातून ते काढून घेतले, युद्धात बाँबहल्ल्यांनी त्याची नासधूस झाली, पुढे अवशेषही पाडण्यात आले. आणि त्यानंतर भिंतीलगतच्या ओसाड पट्ट्याखाली दुकानाची भूमिगत तिजोरी तेवढी शाबूत राहिली. गंजलेले लोखंडी कप्पे, ठेंगणे छत, भिंतींवरून ओघळणारा दमटपणा आणि धुरात अधूनमधून लखलखणारा दिवा, अशा त्या जागेत पूर्वेचे आणि पश्चिमेचे तरुण एकत्र नाचू लागले. दोन्ही बाजूंच्या पिढीला एकमेकांची ओळख करून घेण्यास ज्या थोड्या जागा तेव्हा उपलब्ध होत्या त्यांपैकी ही एक होती; आणि तेथे बोलण्याची फारशी गरज पडत नसे, ही गोष्ट भाषाभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगी आहे. ट्रेझोरच्या चालकांनी त्याच वर्षी स्वतःची ध्वनिमुद्रिकासंस्थाही काढली व तिची पहिली तबकडी डेट्रॉइटच्या 'अंडरग्राउंड रेझिस्टन्स' ह्या मंडळीची होती. म्हणजे ह्या काळातही व्यवहार होताच. दारावर शुल्क घेतले जाई, मद्य विकले जाई, तबकड्या खपत. पूर्वी सारे निष्काम होते व पुढे पैशाने बाटले, ही जी गोष्ट सांगितली जाते ती म्हणूनच अपुरी वाटते. धंदा प्रथमपासून होता. जागेचे मोल तेवढे नव्हते.

पहिले नाव लागले ते भिंत पडण्याच्याही आधी. १ जुलै १९८९ रोजी डॉ. मोट्टे ह्या टोपणनावाने प्रसिद्ध असलेल्या वादकाने पश्चिम बर्लिनच्या हमरस्त्यावरून सुमारे दीडशे लोकांची नाचती मिरवणूक काढली आणि तिची नोंद पोलिसांकडे राजकीय निदर्शन म्हणून केली. घोषवाक्य होते 'शांती, आनंद, धिरडी'. जर्मन भाषेत ही एक थट्टेची म्हण आहे. वरवरच्या गोडीगुलाबीला उद्देशून ती वापरतात. तिचा अर्थ मात्र निःशस्त्रीकरण, संगीताद्वारे परस्परसामंजस्य आणि अन्नाची न्याय्य वाटणी असा लावून दाखविण्यात आला. ह्या चतुराईचा व्यावहारिक लाभ मोठा होता, कारण निदर्शनानंतर रस्ता झाडण्याचा खर्च सार्वजनिक तिजोरीवर पडतो. 'लव्ह परेड' ह्या नावाची ही मिरवणूक १९९९ पर्यंत संयोजकांच्या गणनेनुसार पंधरा लाखांच्या गर्दीला पोहोचली. जाहिराती, प्रायोजक, दूरचित्रवाणी सारेच आले. तेव्हा हे खरोखर निदर्शन काय, हा प्रश्न अटळ झाला. २००१ मध्ये सांविधानिक न्यायालयानेही संयोजकांना दिलासा नाकारला आणि 'निदर्शन' हा शब्द गेला. त्यासरशी खर्च संयोजकांच्या अंगावर आला. २००४ व २००५ मध्ये मिरवणूक निघालीच नाही. २००६ मध्ये एका व्यायामशाळासमूहाच्या पैशावर ती पुन्हा उभी राहिली, पुढे बर्लिन सोडून रूर भागातील शहरांत गेली, आणि २४ जुलै २०१० रोजी डुइसबुर्ग येथे एका बोगद्याशी झालेल्या चेंगराचेंगरीत २१ माणसे मृत्युमुखी पडली. लव्ह परेड तेथेच संपली. तेथील फौजदारी खटला २०२० मध्ये निकालाविना आटोपता घेण्यात आला.

इकडे शहरात मध्यंतर संपत आले होते. जमिनींचे दावे सुटले, धनी ठरले आणि धनी ठरताच विक्री सुरू झाली. ट्रेझोरने एप्रिल २००५ मध्ये मूळ जागा सोडली. 'ओस्टगुट' नावाचे दुसरे स्थळ २००३ मध्ये बंद पडले व त्या परिसरात प्रचंड क्रीडागार उभे राहिले. ओस्टगुटच्याच चालकांनी २००४ मध्ये पूर्व जर्मनीच्या काळातील एका जुन्या वीजकेंद्रात 'बेर्गहाइन' उघडले. क्रॉइत्सबेर्ग आणि फ्रीडरिश्सहाइन ह्या दोन शेजारी वस्त्यांच्या नावांची शेपटे जोडून हे नाव बनविले आहे. एक वस्ती भिंतीच्या पश्चिमेची, दुसरी पूर्वेची. आत छायाचित्रे घेण्यास बंदी आणि दारावरची कठोर निवड ह्यांमुळे ह्या स्थळाची कीर्ती वाढतच गेली. गुप्तता हीच येथे जाहिरात ठरली. स्वस्त विमानप्रवासाने युरोपभरचे तरुण शनिवार-रविवारपुरते बर्लिनला येऊ लागले. टोबियास राप ह्या लेखकाने २००९ च्या आपल्या पुस्तकात ह्या नव्या प्रवाशांना एका स्वस्त विमानकंपनीच्या नावावरून 'ईझीजेटसेट' असा शब्द योजला. स्थळचालकांच्या 'क्लब कमिशन' ह्या संघटनेच्या अभ्यासानुसार २०१८ मध्ये सुमारे तीस लाख प्रवासी ह्या रात्रजीवनासाठी शहरात आले व त्यांच्यामुळे झालेली उलाढाल १४८ कोटी युरोंची होती. हा आकडा हितसंबंधी संघटनेचा आहे हे लक्षात घेऊनही त्याचे महत्त्व उरतेच, कारण नगरशासनाशी बोलताना आता हेच शस्त्र हाती धरले जाऊ लागले.

ह्यानंतरचा वाद शब्दार्थाचा आहे आणि तो न्यायालयात झाला. जर्मनीत मैफलीच्या प्रवेशशुल्कावर ७ टक्के, तर निव्वळ करमणुकीवर १९ टक्के कर असतो. वीस युरोंच्या प्रवेशपत्रिकेत पहिल्या दराने सुमारे १.३१ युरो सरकारजमा होतात, दुसऱ्या दराने ३.१९. बेर्गहाइनमध्ये जे घडते ती मैफल, की नुसता नाच? करखात्याच्या मते नाच. बर्लिन-ब्रांडेनबुर्गच्या वित्तीय न्यायालयाने २०१६ मध्ये मैफल असा निर्णय दिला. २०२० मध्ये सर्वोच्च वित्तीय न्यायालयानेही टेक्नो व हाउसच्या कार्यक्रमांना कमी दर लागू होऊ शकतो असे ठरविले. तबकड्या वाजविणारा दुसऱ्याचे संगीत नुसते ऐकवीत नाही, त्यांच्या मिश्रणातून नवी रचना घडवितो. त्याची फिरती तबकडी व ध्वनिमिश्रक ही वाद्येच होत, असे त्यामागील विवेचन आहे. 'वाद्य' ह्या शब्दाची ही नवी व्याख्या संगीतशास्त्रज्ञांनी नव्हे, करविषयक न्यायाधीशांनी केली. १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क अधिनियमापासून २०१७ पर्यंत 'करमणूक' हा शब्द रसिकांइतकाच करखात्याच्याही परिचयाचा होता, हे ज्यास ठाऊक आहे त्या मराठी वाचकास ह्याचे फारसे नवल वाटणार नाही.

कर सुटला तरी जागा सुटली नाही. बांधकामविषयक नियमांत ही स्थळे 'फेर्ग्न्यूगुंग्सश्टेटे', म्हणजे मौजेची ठिकाणे, ह्या वर्गात मोडत होती. जुगारयंत्रांची दालनेही त्याच वर्गात. नाट्यगृह वा संग्रहालय ज्या वस्तीत चालते तेथे ह्यांना मज्जाव होऊ शकत असे. मे २०२१ मध्ये, साथीमुळे सर्व दारे बंद असताना, जर्मन संसदेने ठराव करून ही स्थळे सांस्कृतिक वास्तू मानावीत अशी शिफारस केली. ठराव म्हणजे कायदा नव्हे. १९८० च्या सुमारास आम्लपर्जन्याच्या भीतीने जर्मन भाषेत 'वाल्डश्टेर्बन', अर्थात 'अरण्यांचा मृत्यू', हा शब्द रूढ झाला होता. त्याच्याच साच्यात आता 'क्लबश्टेर्बन' हा समास वृत्तपत्रांत नित्य दिसतो. श्प्रे नदीच्या काठी २००२ पासून चाललेले 'वॉटरगेट' हे नामांकित स्थळ २०२४ च्या अखेरीस बंद झाले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये वारसायादीत नोंद झाली होती, हा योगायोग बोलका आहे.

त्या नोंदीविषयी दोन गोष्टी सांगणे अवश्य आहे. एक म्हणजे ही यादी जर्मनीपुरती आहे. युनेस्कोच्या जागतिक यादीशी तिची गल्लत वारंवार केली जाते. दुसरी अधिक महत्त्वाची. नोंद 'बर्लिनच्या टेक्नोसंस्कृती'ची झाली, आणि नोंद सार्थ असली तरी ज्या शहरातील कृष्णवर्णीय तरुणांनी हे संगीत घडविले त्या डेट्रॉइटचे नाव शीर्षकात नाही. अशा यादीत संगीताच्या भोवतीची सामूहिक प्रथा नोंदली जाते, संगीताचे कर्तृत्व नव्हे, असे समर्थन करता येईल. परंतु प्रवासी पैसे देतात ते नावाला, आणि नावाचे उत्पन्न ज्या शहरी जमा होते ते बर्लिन आहे.

पुढे काय, ह्याचे उत्तर संगीतात शोधून सापडणार नाही. ते जमिनीच्या कागदपत्रांत आहे. श्प्रेच्या दोन्ही काठांवर कार्यालये उभारण्याच्या योजनेविरुद्ध जुलै २००८ मध्ये स्थानिक मतदान झाले आणि ८७ टक्के मते विरोधकांच्या बाजूने पडली; तरीही बरेचसे बांधकाम झालेच, कारण ते मतदान बंधनकारक नव्हते. ह्याच काठावरील 'बार २५' २०१० मध्ये उठले. मात्र त्याच्या चालकांनी सहकारी संस्था स्थापिली, स्वित्झर्लंडमधील एका निवृत्तिवेतन संस्थेने २०१२ मध्ये ती जमीन विकत घेऊन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने संस्थेस दिली, आणि तेथे 'होल्त्समार्क्ट' नावाची वसाहत उभी राहिली. मध्यंतरीच्या वापराचे रूपांतर कायमच्या वापरात झाल्याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळाच आढळते. त्यापायी अर्थातच हिशेब, कर्जे आणि सभासदांचे कलह स्वीकारावे लागले, आणि जुन्या बेफिकिरीचा बराच भाग गमवावा लागला. नगरशासनाने ध्वनिरोधक भिंती बांधण्यासाठी २०१८ मध्ये दहा लाख युरोंचा निधी उभारला, तो शेजाऱ्यांच्या तक्रारींपुरता उपयोगी आहे. भाड्याच्या प्रश्नाला तो स्पर्श करीत नाही. शहराच्या पूर्व भागातून जावयाच्या नियोजित द्रुतगती मार्गाच्या रेषेत आणखी काही स्थळे येतात.

ट्रेझोर २००७ पासून क्योपेनिकर मार्गावरील एका निवृत्त वीजकेंद्रात पुन्हा सुरू झाले. जुन्या तिजोरीतील काही लोखंडी कप्पे तेथे नेऊन बसविण्यात आले आहेत. वेर्टहाइमच्या जुन्या आवारात २०१४ पासून एक विशाल विक्रीसंकुल चालू आहे.