जुन्या मोटारगाड्यांचे पूर्ववतीकरण : प्रतिरूप सुट्या भागांची जुळवणी

वापराने, गंजाने किंवा अपघाताने विद्रूप झालेली जुनी मोटारगाडी, ती कारखान्यातून ज्या स्थितीत बाहेर पडली त्या स्थितीच्या शक्य तेवढी जवळ नेण्याच्या कामास पूर्ववतीकरण म्हणतात. नेहमीच्या दुरुस्तीत गाडी चालू होणे एवढेच उद्दिष्ट असते. पूर्ववतीकरणात मूळ घडण, मूळ द्रव्य आणि मूळ कारागिरी टिकविणे यांस महत्त्व असते. मूळ उत्पादकाने बनविलेले भाग उपलब्ध नसल्यास त्यांच्या बरहुकूम दुसऱ्या कोणी तयार केलेले भाग वापरावे लागतात. त्यांना येथे प्रतिरूप भाग म्हटले आहे. असे भाग बहुधा जसेच्या तसे बसत नाहीत. ते बसवून घेण्यासाठी करावे लागणारे फेरफार हा या कामातील सर्वांत कष्टाचा व वादाचा भाग होय.

पार्श्वभूमी : मुंबईत मोटारगाड्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्या. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला व त्यानंतर लवकरच फोर्ड कंपनीनेही भारतात जुळणी सुरू केली. या गाड्यांचे बहुतेक भाग परदेशातून येत. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि तिच्या कुर्ला येथील कारखान्यातून १९४७ मध्ये गाड्या बाहेर पडू लागल्या. जकात आयोगाच्या १९५३ मधील शिफारशींनुसार, ज्या कंपन्यांकडे देशात भाग बनविण्याचा कार्यक्रम नव्हता त्यांना केवळ जुळणी करण्यास वाव उरला नाही. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी पुढच्याच वर्षी येथील काम गुंडाळले.

या निर्णयाने देशी उद्योगास चालना मिळाली. परंतु रस्त्यावर असलेल्या हजारो परदेशी गाड्या पोरक्या झाल्या. आयातीवरील कडक निर्बंधांमुळे त्यांच्या मालकांपुढे दोनच मार्ग राहिले : मोडीत निघालेल्या गाडीचा भाग मिळविणे किंवा स्थानिक कारागिराकडून तो घडवून घेणे. मुंबईच्या चोर बाजारातील व कुर्ल्यातील जुन्या भागांची दुकाने आणि त्यांच्या आधाराने चालणारे पत्रे कारागीर, ओतारी व कातारी यांची परंपरा या गरजेतून वाढली. भारतात प्रतिरूप भागांचा व्यवसाय हौसेपोटी नव्हे, तर अडचणीपोटी जन्मास आला, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भाग मूळच्यासारखा दिसण्यापेक्षा गाडी उद्या रस्त्यावर येणे महत्त्वाचे होते आणि त्या काळातील फेरफारांवर या घाईचा ठसा आहे.

मराठवाड्याची स्थिती थोडी वेगळी होती. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. निजामाच्या रेल्वेखात्याने १९३२ मध्ये २७ आल्बियन बसगाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली. त्यांपैकी एक बस हैदराबाद येथे जतन करण्यात आली आहे. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर या भागाचा व्यवहार मुंबईशी जोडला गेला. कळंब तालुक्यातील येरमाळा हे येडेश्वरी देवीच्या यात्रेमुळे प्रसिद्ध असलेले गाव सोलापूर–धुळे महामार्गावर आहे. अशा महामार्गावरील गावांत जीप हेच दीर्घकाळ सोयीचे वाहन होते. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. जीपच्या अंगाचे पत्रे बहुतांशी सपाट व साध्या घड्यांचे असल्याने ते हाताने वाकवूनही तयार करता येतात. त्यामुळे शहरापासून दूरच्या गॅरेजातही तिची डागडुजी शक्य होती. गोलाईदार अंगाच्या गाड्यांना ही सोय नाही.

फियाट ११०० चे उदाहरण : महाराष्ट्रात पूर्ववतीकरणासाठी सर्वाधिक हाताळल्या जाणाऱ्या गाड्यांत फियाट ११०० मालिकेची गणना करावी लागेल. इटलीत १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेला हा नमुना कुर्ल्यात १९५४ पासून तयार होऊ लागला. पुढच्या भागाच्या ठेवणीवरून लोकांनी त्यास ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ हा नमुना आला. फियाटचे नाव गेल्यावर तोच १९७० नंतरच्या दशकात ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखला गेला. इटलीत ११०० मालिका १९६९ मध्ये थांबली, तर भारतात ती विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालू राहिली. मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदविली गेली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती सेवेतून गेली.

मालिकेचे नाव एक असले, तरी तिचे भाग परस्परांच्या जागी चालतातच असे नाही. १९५४ च्या नमुन्यात पुढच्या दरवाजांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूस, म्हणजे मधल्या खांबास होत्या. डिलाइटमध्ये त्या पुढच्या खांबास आल्या. शिवाय या गाडीस स्वतंत्र साटा नाही. तिचे पत्र्याचे कवचच भार पेलते. त्यामुळे दरवाजाखालचा पेटीसारखा पत्रा बदलताना झालेली चूक केवळ दिसण्यापुरती राहत नाही. सबंध गाडी मधोमध खचते.

न जुळण्याची कारणे : (१) मूळ आराखडा नसल्याने प्रतिरूप भाग जुन्या भागावरून बनवितात. तो भाग झिजलेला किंवा ठोकून सरळ केलेला असल्यास त्यातील दोष प्रत्येक नव्या नगात उतरतो. (२) ओतीव भागासाठी जुना भागच नमुना म्हणून वाळूत दाबला, तर धातू थंड होताना आकसतो. बीड सु. १ टक्का, तर ॲल्युमिनियम सु. १·३ टक्के आकसते. म्हणजे ३०० मिमी. लांबीचा ॲल्युमिनियमाचा भाग सु. ४ मिमी. आखूड निघतो व त्याच्या बोल्टांची छिद्रे जुळत नाहीत. (३) पोलादी पत्रा साच्यात दाबल्यावर थोडा उसळून मागे येतो. मोठ्या कारखान्यात हे लक्षात घेऊन साचा घडवितात आणि एकाच पत्र्यावर क्रमाने अनेक दाब देतात. थोड्या नगांसाठी एवढा खर्च परवडत नाही. त्यामुळे कडा बोथट व गोलाई उथळ राहते. (४) रबराची पट्टी मूळच्यापेक्षा जाड वा कठीण असली, तर उत्तम दरवाजाही लागत नाही आणि दोष बिजागरीच्या माथी मारला जातो. (५) दोष नव्या भागात नसून गाडीतच असू शकतो. अपघाताने पिळलेल्या कवचास अचूक भागही बसणार नाही. (६) त्या काळी कारखान्यातही प्रत्येक गाडी जोडाऱ्याच्या हाताने जुळविली जाई. सांधे शिसे-कथलाच्या मिश्रधातूने भरून सारखे केले जात. म्हणून एका गाडीचा अस्सल दरवाजाही तिच्याच जातीच्या दुसऱ्या गाडीस तंतोतंत बसेल असे नाही.

जुळवणीची रीत : रंग देण्यापूर्वी सर्व भाग एकदा तात्पुरते बसवून पाहणे ही या कामातील पहिली शिस्त होय. गाडी चाकांवर, नेहमीच्या भारात उभी असावी. दोन्ही टोकांस टेकू देऊन अधांतरी ठेवलेल्या कवचावर घेतलेली मापे फसवी असतात. खालचा पत्रा कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत आडवे-उभे तात्पुरते दांडे वेल्ड करून ती जखडतात. कर्णांची मापे दोन्ही बाजूंस सारखी आल्यावर प्रथम मागचे दरवाजे, मग पुढचे, नंतर मडगार्ड व शेवटी बॉनेट या क्रमाने काम पुढे नेतात. हा क्रम उलटविल्यास सर्व भागांची चूक अखेरच्या फटीत साठते.

फेरफार सौम्य उपायाकडून कठोर उपायाकडे जावेत. बिजागरीखाली पातळ चकती घालणे किंवा नव्या भागाचे छिद्र लांबट करणे हे प्राथमिक उपाय. त्यानंतर हातोडा व डॉली यांनी कड वळविणे, पत्रा तापवून आकसविणे अथवा ताणणे येते. गोलाई फारच चुकली असल्यास कडेस पाचरीसारखा काप देऊन ती मिटवितात किंवा उघडतात व सांधा वेल्ड करतात. फट रुंद राहिल्यास कडेवर वेल्डने धातू चढवून कानशीने घासतात. लांबी भरून फट झाकणे ही सर्वांत सोपी व सर्वांत वाईट रीत होय. सु. ३ मिमी. पेक्षा जाड थर कालांतराने तडकतो आणि त्याखाली ओल साठून पत्रा आतून कुजतो.

एक नियम मात्र अभंग मानला पाहिजे : कापायचे झाल्यास नवा भाग कापावा, जुनी गाडी कापू नये. नवा भाग बिघडला तर दुसरा करता येतो; मूळ खांब किंवा मूळ कड एकदा गेली की पुढील कारागिराला माप घेण्यासाठी काहीच उरत नाही. तसेच ब्रेक, सुकाणू आणि पुढच्या चाकांचे आधार यांचे भाग कानशीने घासून, वेल्ड करून वा छिद्र वाढवून बसविणे सर्वथा वर्ज्य होय. तेथे न बसणारा भाग परत करणे हाच उपाय आहे.

नियमन : जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने (स्थापना १९६६) २०१२ मध्ये तूरिन सनद स्वीकारली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेचा विचार तिने वाहनांस लावला. जतनास पूर्ववतीकरणाहून अग्रक्रम द्यावा, केलेल्या कामाची नोंद ठेवावी आणि बदललेले भाग ओळखता येतील अशी टिकाऊ खूण करावी, असे ती सुचविते. भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन, पहिल्या नोंदणीनंतर पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या, मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. साटा, कवच किंवा एंजिन यांत मोठा बदल केलेले वाहन या वर्गात बसत नाही आणि नोंदलेल्या वाहनाचा नेहमीच्या वाहतुकीसाठी वापर करता येत नाही. १९७४ मध्ये नोंदलेल्या गाड्या २०२४ पासून या मर्यादेत आल्या. त्यामुळे न बसणाऱ्या भागासाठी मूळ कवच कोठवर कापावे, हा प्रश्न आता कारागिराच्या सोयीपुरता राहिलेला नाही. गाडीच्या कायदेशीर ओळखीशीही त्याचा संबंध पोहोचतो.

मूल्यमापन : टंचाईच्या काळात स्थानिक कारागिरांनी केलेले फेरफार आजच्या निकषांवर सदोष वाटतात. तथापि त्यांच्यामुळेच असंख्य गाड्या मोडीत जाण्यापासून वाचल्या. त्यांतील काही फेरफार हेदेखील गाडीच्या इतिहासाचे भाग होत. ते सरसकट पुसून टाकण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे व मापे नोंदवून ठेवणे इष्ट ठरते. जुन्या पत्र्याचे वळण हाताने चाचपून ओळखणारे कारागीर कमी होत आहेत आणि त्यांचे ज्ञान बहुतांशी अलिखित आहे. प्रतिरूप भाग पैशाने मिळतील. ते बसविण्याची ही जाण मात्र नोंदीवाचून पुढच्या पिढीस मिळणार नाही.